एकोणचाळीस मिनिटांची गोष्ट

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, वर चित्रकलेची एक परीक्षा, आणि कादंबऱ्या लिहितो त्या रात्री. हे तिन्ही गुन्हे आरंभीच कबूल केलेले बरे. म्हणजे पुढे मी मेंदू, प्रकाश, इतिहास असल्या मोठ्या गोष्टी बोलू लागलो की वाचकांना फसल्यासारखे वाटणार नाही.

त्याचे असे झाले. दोन हिवाळ्यांपूर्वी सातवीच्या वर्गात मी स्थिरचित्राचा तास घेत होतो. टेबलावर तांब्या, दोन संत्री आणि एक वांगे मांडले, मुलांना काढायला सांगितले आणि खुर्चीत बसलो. जाग आली ती घंटेने. मुले अगदी शांत होती. एवढी शांत की मला संशय आला. वह्या गोळा केल्या, तेव्हा एका पोराने तांब्या-वांग्याऐवजी मलाच काढलेले दिसले. मान कलती, तोंड किंचित उघडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘स्थिरचित्र. वेळ १० वाजून ४० मिनिटे.’ छायाप्रकाश उत्तम साधला होता. मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कापला तो चष्म्याच्या चुकलेल्या काडीसाठी.

पण घरी आलो तो मन खट्टू होऊन. रात्री दोन-दोनपर्यंत दिव्याखाली लिहायचे, सकाळी सातला डोळे चोळत शाळेकडे पळायचे, हे वर्षानुवर्षे चालले होते. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी औषध दिले नाही. एवढेच विचारले, “मास्तर, तुमच्या डोळ्यांना सकाळचं ऊन शेवटचं कधी लागलं?” उत्तर मला देता आले नाही. त्या प्रश्नापाठोपाठ मी पुस्तके धुंडाळीत गेलो, आणि निघालो होतो शरीरशास्त्राकडे, पोहोचलो तो मुंबईच्या गिरणगावात. तीच वाट आज वाचकांना दाखवायची आहे.

आमच्या आजीच्या घरात घड्याळ होते, पण ते बंद होते आणि त्यावाचून तिचे काही अडत नव्हते. ‘कोंबडं आरवलं’, ‘तांबडं फुटलं’, ‘दिवस कासराभर वर आला’, ‘सावली पायात आली’, ‘दिवे लागले’ ही तिची वेळ. यातला एकेक शब्द पाहा, प्रत्येकात उजेड आहे. कासरा म्हणजे बैलाची दोरी. क्षितिजापासून दोरीभर वर आलेला सूर्य. अमुक वाजून तमुक मिनिटे यापेक्षा हे मोजमाप ढोबळ खरे, पण ते आकाशाकडे पाहिल्याशिवाय करता येत नाही, आणि त्यातच त्याची मेख आहे हे मला फार उशिरा कळले.

आपल्याकडे बारकाईने वेळ मोजत नसत असे मात्र नाही. दिवसाच्या साठ घटका, घटका चोवीस मिनिटांची. तळाला सूक्ष्म भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची; ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नघरी हे घटिकापात्र मांडून जोशीबुवा त्यावर डोळा ठेवून बसत. पण ही सगळी गणती सुरू व्हायची ती त्या त्या गावच्या सूर्योदयापासून. अमरावतीची सकाळ अमरावतीची, मुंबईची सकाळ मुंबईची. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून मुंबईत सूर्य आमच्यापेक्षा सुमारे वीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. जोवर माणसे बैलगाडीने जात होती, तोवर या वीस मिनिटांची कोणाला फिकीर नव्हती.

आगगाडी आली आणि फिकीर आली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचले. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात नेणे, हे त्या रुळांचे मोठे काम. पण गाडी गावोगावच्या सूर्यावर चालवता येत नाही. रेल्वेने मद्रासची वेळ धरली. म्हणजे बडनेऱ्याच्या फलाटावर मद्रासचे घड्याळ, आणि फलाटाबाहेर टांगेवाल्याच्या डोक्यावर अमरावतीचा सूर्य! दोहोंत फरक दहा मिनिटांच्या आसपास. टांगेवाल्याने तो कधी मनावर घेतला असेल असे वाटत नाही.

मुंबईने मात्र मनावर घेतला. तिथे मद्रासची वेळ अर्धा तास पुढे. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावून पाहिली. लोकांनी इतकी कुरकुर केली की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ रोजी साऱ्या हिंदुस्थानसाठी एक प्रमाणवेळ आली. मिर्झापूरजवळून जाणारी साडेब्याऐंशी अंशांची रेषा धरून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. म्हणजे एका रात्रीत मुंबईकरांना ३९ मिनिटे पुढे ढकलले गेले.

एकोणचाळीस मिनिटे! दीड घटकेहून किंचित जास्त. एवढ्यासाठी कोणी भांडेल काय? शाळेत असताना हे मी वाचले असते तर हसलो असतो. पण जानेवारीत मुंबईचा सूर्य जुन्या घड्याळाप्रमाणे साडेसहाच्या सुमारास उगवे, तोच नव्या घड्याळात सव्वासातच्या घरात गेला. कचेरीतल्या साहेबाला त्याचे काय? पण ज्याला पहाटेच्या भोंग्याला गिरणीच्या दारात उभे राहायचे, त्याच्या झोपेतून ती ३९ मिनिटे कापली गेली, आणि तीही ऐन अंधारातली. त्याच जानेवारीत मुंबईच्या एका गिरणीतल्या हजारो कामगारांनी काम थांबवले, दगड फेकले. मुंबईच्या महापालिकेने तर आपली घड्याळे मुंबईच्या वेळेवरच ठेवली, ती थेट १९५५ पर्यंत. एकाच शहरात दोन वेळा जवळजवळ पन्नास वर्षे नांदल्या! यात परक्या सरकारविषयीचा राग होता, पुढाऱ्यांचा मान-अपमान होता, हे खरेच आहे. इतिहासकार त्याचीच चर्चा अधिक करतात. मला मात्र त्या दगड फेकणाऱ्यांचे म्हणणे निराळे वाटते. त्यांच्या अंगात जे घड्याळ होते त्याला सरकारचा हुकूम ऐकू येत नव्हता.

या गिरणीकामगारांची सूर्याशी जुनी बोली होती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली आणि जो मागण्यांचा अर्ज तयार झाला, त्यात रविवारची सुटी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि एक मागणी अशी की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे व सूर्य मावळताच थांबावे. पाहा, सकाळ घड्याळाची मागितली आणि संध्याकाळ सूर्याची! लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. आज आपण सारे ती उपभोगतो आणि लोखंड्यांचे नाव परीक्षेपुरते पाठ करतो. सूर्यास्ताची मागणी मात्र हवेत राहिली. तरी तोवर एक निसर्गाची मेहेरबानी होती. अंधार पडला की धागा दिसत नाही, यंत्र थांबवावेच लागते.

ती मेहेरबानी विजेने काढून घेतली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाचदहा वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले, बाजार तेजीत होता, आणि कामाचा दिवस बारा-तेरा तासांवरून चौदा-पंधरा तासांवर गेला. १८८१ च्या कायद्याने मुलांना थोडे संरक्षण दिले होते, १८९१ च्या कायद्याने बायकांना. पुरुषाच्या तासांना मर्यादाच नव्हती. १९०५ साली कामगारांनी या लांबलेल्या दिवसाविरुद्ध संप केले. शेवटी १९०८ ची कमिशन बसली आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर बांधला. दिवाळीच्या अंकात दिव्याविषयी वाईट लिहू नये असा संकेत आहे; पण त्या कामगाराला विजेचा पहिला दिवा लक्ष्मीसारखा दिसला नसणार.

आमच्याकडच्या जिनांना तर विजेचीही वाट पाहावी लागली नाही. सरकी काढायचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. १८८० च्या दशकात मुंबई सरकारच्या कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनांविषयी साक्षी झाल्या. हंगामात पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम, आणि भर तेजीत रात्रंदिवस. कामावर बहुतेक बाया. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

आता त्या अंगातल्या घड्याळाविषयी. ते आहे, ही गोष्ट पहिल्यांदा एका झाडाने सांगितली. १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच ज्योतिष्याने लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी ठेवले. लाजाळूची पाने दिवसा उघडतात, रात्री मिटतात; उजेडच नाही म्हटल्यावर ती गोंधळायला हवीत. पण अंधारातही ती आपल्या वेळेला उघडली, आपल्या वेळेला मिटली. शंभर वर्षांनी, १८३२ साली, द कांदोल याने आणखी बारकाईने पाहिले. अंधारात ठेवलेल्या लाजाळूचा दिवस चोवीस तासांचा नसून बावीस-तेवीस तासांचा असतो. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतले, आणि तेही जरा चुकणारे. रोज कोणीतरी ते लावावे लागते. लावणारा सूर्य.

माणसाचेही तसेच असेल काय? १९६२ च्या जुलैत मिशेल सिफ्र नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण घड्याळ न घेता आल्प्स पर्वतातल्या एका गुहेत उतरला. १४ सप्टेंबरला त्याला वर काढले तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट. पंचवीस दिवस हरवले! पण गंमत अशी की मनाचा हिशेब चुकला तरी शरीराचा चुकला नव्हता. झोपणे-उठणे चोवीस तासांहून थोड्या अधिकाच्या फेऱ्यांत नेमाने चालले होते. आपल्या देशात मदुरा येथील विद्यापीठात प्राध्यापक चंद्रशेखरन यांनी वटवाघळांच्या गुहा अभ्यासल्या, माणसांनाही सूर्यप्रकाशापासून अलग खोलीत ठेवून पाहिले. पुढे अमेरिकेत नेमके मोजमाप झाले. माणसाचे आतले घड्याळ सरासरी २४ तास आणि दहा-बारा मिनिटांचे. दहा मिनिटे कमी वाटतात, पण रोज साचत गेली तर दोन महिन्यांत दहा तासांचा घोळ होईल.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर असते. तांदळाच्या दाण्याहून लहान, सुमारे वीस हजार पेशी. १९७२ मध्ये त्याची जागा सापडली. त्याआधी वर्षभर, १९७१ साली, कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाशीतले एक जनुक शोधले होते, जे बिघडले की माशीचा दिवसच बिघडतो. त्या जनुकाचे यंत्र उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी रात्री एक प्रथिन तयार करीत जाते. ते पुरेसे साचले की स्वतःच्याच निर्मितीला थांबवते. मग ते विरत जाते आणि पुन्हा आरंभ होतो. आपल्या घटिकापात्रासारखेच नव्हे काय? भरते, बुडते, रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडायचे.

आणि उजेड तिथवर जातो कसा? चित्रकलेचा मास्तर म्हणून मला हाच भाग सर्वांत मोहक वाटला. डोळ्यात पाहण्याच्या दोन प्रकारच्या पेशी असतात हे आम्ही शिकवतो. एक मंद उजेडाच्या, एक रंगाच्या. २००२ च्या सुमारास सिद्ध झाले की आणखी एक तिसरा प्रकार आहे. या पेशींचे काम चित्र पाहणे नव्हे, उजेड किती आहे एवढे मोजून त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवणे. म्हणून काही आंधळ्या माणसांना काहीच दिसत नसतानाही त्यांच्या अंगातले घड्याळ सूर्याने लागते. या पेशींना सर्वांत जास्त भावतो तो निळा प्रकाश, आकाशाचा निळा. घरातल्या दिव्याचा उजेड आपल्याला पुष्कळ वाटतो, पण मोजले तर खोलीत शंभर-तीनशे लक्स, आणि अंगणात भर उन्हात लाखाच्या घरात. हातभर अंतरावरची पणती तर दोन-चार लक्सची. तेव्हा दिवाळीच्या पणत्यांनी कोणाचे घड्याळ बिघडत नाही, निश्चिंत असावे. बिघडवतात ते डोळ्यांजवळ धरलेले पांढरे दिवे आणि हातातले पडदे. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, रात्रीचा मागे. मी रात्री दोनपर्यंत माझे घड्याळ मागे ओढीत होतो, आणि सकाळी मुलांसमोर मध्यरात्र घेऊन उभा राहत होतो.

इथे मला बाबांची गोष्ट सांगितली पाहिजे. ते एका सूतगिरणीत होते. एक आठवडा दिवसपाळी, एक दुसरी, एक रातपाळी. रातपाळीहून सकाळी सायकलने परत येत ते पूर्वेकडच्या रस्त्याने, ऊन थेट डोळ्यांवर. घरी आले की आई खिडकीवर गोधडी टांगी आणि आम्हां भावंडांना बाहेर पिटाळी. आजी कुरकुरे, “दिवसा झोपलं त घरात लक्ष्मी टिकत नाही.” बाबा अंथरुणावर पडून राहत. आम्हांला वाटे झोपले. ते झोपलेले नसत. जाणकार सांगतात की आतले घड्याळ दिवसाला फार तर तासाभराने सरकते. आठ तासांची पाळी बदलली तर त्याला निदान आठवडा हवा. आणि आठवडा संपला की बाबांची पाळी बदलत असे! म्हणजे वीस-बावीस वर्षे त्यांचे घड्याळ कधी लागलेच नाही. रोज सकाळच्या त्या सायकलवर सूर्य त्यांना सांगे, उठ. आणि गिरणी सांगे, नीज.

गिरणी बंद पडली, ते घरी बसले, तरी रात्री दोनला उठून चहा मांडत. मी तरुण होतो, चिडायचो. एकदा म्हणालो, “बाबा, आता कुठं जायचं आहे तुम्हांला?” ते म्हणाले, “मले झोप येत नाही असं नाही रे. येते. पण कवा यायचं ते तिले समजत नाही.” तेव्हा मला ही थट्टा वाटली. पुढे ही सारी पुस्तके वाचली तेव्हा कळले की तीनशे पानांत शास्त्रज्ञांनी जे लिहिले ते बाबांनी एका वाक्यात सांगून टाकले होते. ते सांगायला आता ते नाहीत.

शेवटच्या एक-दोन वर्षांत एवढे मात्र झाले होते. त्यांची खाट आईने अंगणात पूर्वेकडे तोंड करून टाकायला लावली. शास्त्र म्हणून नव्हे. त्यांच्या सांधेदुखीला ऊन बरे म्हणून. सकाळी तासभर ते तिथे बसत, शेंगा फोडत. हळूहळू दोनचे तीन झाले, तीनचे चार. कार्तिकात गावात काकडा असतो. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे माणसे देवळात जमतात, टाळ वाजतात, मग उजाडते आणि सारे अंगणा-अंगणातून घरी परततात. बाबा चारला उठलेले असतच. ते काकड्याला जाऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे जागे असणे कोणाच्या तरी उपयोगी पडले. समया लावायचे काम त्यांच्याकडे आले होते.

आमच्या भागात आजही घड्याळ सूर्याच्या पुढे आहे, अमरावतीत सरासरी १९ मिनिटे, अकोल्यात २२. मुंबईच्या ३९ पुढे हे काहीच नव्हे. पण मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने देशभरची माहिती तपासून दाखवले आहे की सूर्य घड्याळात तासाभराने उशिरा मावळतो तिथे मुले सुमारे अर्धा तास उशिरा झोपतात. शाळेची घंटा मात्र सर्वत्र एकाच वेळी, म्हणून ती झोप भरून निघत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ गडबड झाली. एसटीच्या वेळा, दोन पाळ्यांच्या शाळा, उन्हाळ्यातले वैदर्भी ऊन, अडचणी खऱ्याच आहेत. मार्चनंतर आमच्याकडे दुपारी शाळा भरवणे म्हणजे पोरे भाजून काढणे. पण जानेवारीत साडेसहा-सातच्या अंधारात बापाच्या मोटारसायकलवर मान टाकून शाळेत येणारी चिमणी पोरे मी पाहिली आहेत. मला त्या आदेशाविरुद्ध बोलवेना.

माझे म्हणाल, तर रात्रीचे लिहिणे मी सोडले. आता पहाटे पाचला उठतो, उजाडेपर्यंत लिहितो, मग दप्तर मिटून गच्चीवर जातो. गती निम्मी झाली आहे. शिवाय एक अडचण निराळीच उपस्थित झाली. माझ्या कादंबरीतली नायिका आराखड्याप्रमाणे चौदाव्या प्रकरणात मरायची होती. रात्री दोनला ती सहज मेली असती. पहाटे तिला मारायला हात धजत नाही. सोळावे प्रकरण चालू आहे, ती अजून जिवंत आहे आणि लग्नाच्या गोष्टी करते आहे. प्रकाशकांना तसे कळवले आहे.